गाडी थांबवा

थेरपिस्ट: काका, मी विचारलं होतं की दिवसाला किती पॅड लागतात. तुम्ही मला तुमच्या हेडमास्तरांचा आवाज काढून दाखवताय.

नकलाकार: त्यांनाही हाच त्रास असावा हो. शिकवता शिकवता वर्ग अर्धवट टाकून पळायचे.

बायको: चार. रात्रीचा एक वेगळा.

नकलाकार: अगं, मॅडमनी मला विचारलंय.

बायको: मग सांगा की.

नकलाकार: चार. रात्रीचा एक वेगळा.

थेरपिस्ट: बरं. प्रोस्टेटचं ऑपरेशन होऊन दहा आठवडे झाले. आडवं असताना गळतं की उभं राहिल्यावर?

नकलाकार: मॅडम, तुम्ही माझ्या लेकीच्या वयाच्या. चाळीस वर्षं ही जीभ हजार-हजार लोकांसमोर चुरूचुरू चालली, आणि आज टाळूला चिकटलीय.

थेरपिस्ट: चिकटू दे. मला घाई नाही. सकाळपासून चार जण येऊन गेले. एक शिक्षक, एक ट्रकवाले, दोन बाळंतिणी. सगळे आधी खिडकीबाहेरच बघतात.

नकलाकार: आणि पाचवा हा सोंगाड्या.

बायको: हे नकला करतात. स्टेजवर. तुम्ही लहान होतात तेव्हा फार चालायचं ह्यांचं.

नकलाकार: अजूनही चालतं. म्हणजे ऑपरेशनपर्यंत चालत होतं. उठलो की गळतं, मॅडम. खोकलो की, आणि आवाज चढवला की. आणि शिंकलो की तर विचारूच नका.

थेरपिस्ट: ते मला विचारावंच लागेल.

बायको: सांगा आता. नाहीतर मी सांगते.

नकलाकार: माझा एक आयटम आहे, शिंकांचा. सात तऱ्हेच्या शिंका. न्यायाधीशाची, नव्या नवरीची, चोरी करायला घुसलेल्या चोराची. सर्जननी सांगितलं होतं तीन महिने स्टेज नको. मी सहाव्या आठवड्यात एक कार्यक्रम घेतला.

बायको: मी नको म्हणत होते.

नकलाकार: ही नको म्हणत होती. सहा शिंका नीट झाल्या. सातवी पैलवानाची, ती पोटातून काढावी लागते. काढली, आणि गेलं सगळं. पॅडला ऐकेना. अंगात फिकट रंगाची पँट. वर दिव्यांचा झोत. खाली बघितलं तर गुडघ्यापर्यंत.

थेरपिस्ट: मग?

नकलाकार: मग काय. लोकांना वाटलं हा आयटमच आहे. उठून उभे राहिले. चाळीस वर्षांत माझ्यासाठी कुणी उभं राहून टाळ्या वाजवल्या नव्हत्या, मॅडम. त्या दिवशी वाजवल्या.

थेरपिस्ट: काका.

नकलाकार: मी वाकून नमस्कार केला. करणार काय. हसतील त्याचे दात दिसतील म्हणतात, पण इथे माझं सगळंच दिसलं. आता पुढच्या महिन्याच्या अखेरीस मित्रांनी माझा चाळीस वर्षांचा कार्यक्रम ठरवलाय. पोस्टर लागलीत. मी कळवणार आहे, घसा बसलाय.

बायको: घसा बसलाय. जखम मांडीला आणि मलम शेंडीला. मी ओढत आणलंय ह्यांना इथे.

थेरपिस्ट: छान केलंत, काकू. अखेरीस म्हणजे अजून सात-आठ आठवडे आहेत. हमी देणार नाही, पण एवढ्या वेळात पुष्कळ फरक पडलेली माणसं मी पाहिलीत. हा सांगाडा बघा. हे कमरेचं हाड. ह्याच्या तळाशी पुढून मागे स्नायूंची एक झोळी टांगलेली असते. मूत्राशय, आतडी, सगळ्यांचा भार हिच्यावर. प्रोस्टेट होती तोवर तीही दार धरायला मदत करायची. ती काढली, आता सगळं काम झोळीवर पडलं. आणि झोळीला सवयच नाही.

नकलाकार: म्हणजे थोरला गेला आणि धाकट्याच्या गळ्यात संसार.

थेरपिस्ट: तसंच. आता धाकट्याला शिकवायचं. चारचौघांत बसलाय आणि वायू अडवायचाय, तेव्हा जे आवळता ना, ते आवळा. आत आणि वर. मांड्या नाही, ढुंगण नाही.

नकलाकार: हे असं?

थेरपिस्ट: तुमच्या भुवया वर गेल्या, काका. भुवया नकोत. आणि श्वास कोंडलात.

नकलाकार: जोर लावायचा म्हणजे श्वास कोंडायचाच की. स्टेजवर आवाज फेकताना आम्ही पोटात हवा भरून खाली दाबतो. गुरूंनी शिकवलंय.

थेरपिस्ट: तिथेच तर गडबड आहे. पोट म्हणजे एक डबा समजा. वरचं झाकण श्वासाचा पडदा, तळ ही झोळी. झाकण दाबलं की तळावर भार. तळ धड असतो तोवर चालून जातं. आता आधी तळ उचलायचा आणि मग आवाज सोडायचा. शिंकेलाही तेच.

नकलाकार: माझ्या शिंका खोट्या असतात. कधी येणार ते मला आधीच ठाऊक.

थेरपिस्ट: मग बाकीच्यांपेक्षा तुम्ही नशीबवान. पाच मोजेपर्यंत धरा, पाच मोजेपर्यंत पूर्ण सोडा. सोडणंही शिकायचं असतं, नाहीतर स्नायू आखडून बसतो. दहा वेळा. दिवसातून तीनदा. आणि लघवी करताना मध्येच धार अडवून बघत बसायचं नाही रोज.

बायको: मी ह्यांना बाकीचं शिकवलंय. दुपारनंतर पाणी बंद. घराबाहेर पडताना लागो न लागो, जाऊन यायचं. पिशवीत एक जास्तीचा जोड, गडदच. पॅडचा कागद वाजतो, म्हणून सभागृहात जुन्या सुती कापडाची घडी बरी. कडेची खुर्ची धरायची.

थेरपिस्ट: हे कुणी सांगितलं तुम्हाला?

बायको: असंच. बायकाबायकांत चालतं बोलणं.

थेरपिस्ट: पाणी बंद करू नका. कमी पाण्याने लघवी दाट होते, मूत्राशय चिडतं, आणखी घाई होते. मलावरोध होतो, मग जोर काढावा लागतो, तोही झोळीवरच. आणि न लागता उठून गेलं की मूत्राशयाला थोडं भरलं तरी हाक मारायची खोड लागते. बाकी कपड्यांचं तुम्ही म्हणता ते ठीक आहे.

बायको: हो का. पाणी बंद करायचं नाही.

नकलाकार: बघा मॅडम, हिच्या शिकवणीने मी वाळवंट झालो होतो. परवा तर स्वप्नात उंट आला आणि म्हणाला, भाऊ, एक घोट असेल का.

बायको: बाथरूम कुठे आहे हो?

थेरपिस्ट: बाहेर पडल्यावर डावीकडचं दुसरं दार.

नकलाकार: गेली. बघितलंत? ह्या उंटाच्या विनोदावर सुनेचा बाप हसला होता, तो माणूस म्हणजे निव्वळ दगड. हिच्या ओठाची कड हलली नाही.

थेरपिस्ट: काकू कधीच हसत नाहीत?

नकलाकार: लग्नाआधी हसायची, नव्या नवलाईतही हसायची. नुसती खिदळायची हो, म्हणून तर मी लग्न केलं. पुढे काय झालं कोण जाणे. सव्वीस वर्षांत माझ्या एका कार्यक्रमाला आली नाही. गाजलेल्या माणसाची बायको पहिल्या रांगेत असते, माझी खुर्ची रिकामी. लाज वाटत असेल माझ्या धंद्याची. शिकलेली आहे ना. मला म्हणते, तुमचं चालू द्या.

थेरपिस्ट: विचारलं नाहीत कधी?

नकलाकार: ह्या गोष्टी विचारायच्या नसतात, मॅडम. अळीमिळी गुपचिळी. थांबा, ती येईपर्यंत तुम्हाला माझी सगळ्यात गाजलेली नक्कल दाखवतो. ही नक्कल केल्याशिवाय लोक मला स्टेजवरून उतरू देत नाहीत. ‘गाडी थांबवा’. सहलीला निघालेल्या एक बाई आहेत. अशा उठतात सीटवरून. अशा येतात ड्रायव्हरपर्यंत. "अहो, जरा गाडी थांबवता का? नाही, तसं काही नाही, हवा छान आहे म्हणून." दहा मिनिटांनी परत. "अहो, जरा..."

थेरपिस्ट: काका, पुन्हा चालून दाखवा.

नकलाकार: आवडली?

थेरपिस्ट: चालून दाखवा. हं. गुडघे एकमेकांना लावलेले. श्वास वर धरलेला. खांदे कानापाशी. डावा हात पोटाखाली, पण पर्स सावरल्यासारखा. बोलायच्या आधी एक पाऊल थांबता तुम्ही.

नकलाकार: ती खुबीची जागा. तिथेच हशा येतो.

थेरपिस्ट: ती आवळतेय तिथे. घाई आली की आम्ही पेशंटला हेच शिकवतो, पळू नका, थांबा, आवळा, मग चाला. ह्या बाईला कुणी शिकवलं नाही, तिचं तिलाच सापडलंय. तुमची नक्कल फार हुबेहूब आहे, काका. मनाने रचलेली वाटत नाही. कुणाची आहे?

नकलाकार: कुणाची म्हणजे. घरचीच. ही अशीच करायची प्रवासात. सवय होती तिची एक.

थेरपिस्ट: सवय.

नकलाकार: पाच मैल झाले की थांबवा. माझा मेहुणा तर वैतागायचा. मग मी त्याचं, थोडं तिखटमीठ लावून... मॅडम, तुम्ही माझ्याकडे अशा का बघताय?

(बायको परत येते आणि दाराजवळच्या खुर्चीत बसते.)

थेरपिस्ट: काका, तुम्ही जरा बाहेर बसता का? मला काकूंशी दोन शब्द बोलायचेत.

बायको: ‘गाडी थांबवा’ करून दाखवली ना? ऐकू आली मला बाथरूमपर्यंत. भिंती पातळ आहेत तुमच्या.

थेरपिस्ट: माफ करा. हे तुम्हाला एकटीला गाठून विचारायला हवं होतं. काका काही गमतीचं बोलायला लागले की तुम्ही पायावर पाय टाकता, हे मी मघापासून बघतेय.

बायको: बघणाऱ्याला दिसतं. बसू द्या त्यांना. आता काय झाकायचं राहिलंय. झाकली मूठ होती तोवर होती.

थेरपिस्ट: किती वर्षं झाली?

बायको: आमचा धाकटा आता एकतीसचा आहे.

नकलाकार: एकतीस वर्षं? काय एकतीस वर्षं?

बायको: तुमचं दहा आठवडे झालंय तेच.

नकलाकार: तू कधी बोलली नाहीस.

बायको: डॉक्टरीणबाईंना बोलले होते, बाळ सहा महिन्यांचं असताना. त्या म्हणाल्या, बाळंतपणानंतर होतंच, सगळ्या बायकांना होतं. सगळ्यांना होतं ते कोणाला काय सांगायचं? तुम्हाला दहा आठवड्यांत इथे यायची चिठ्ठी मिळाली. तारीख मिळाली. मी दोन दिवस ती चिठ्ठी नुसती वाचत होते. मला माहीतच नव्हतं असं काही असतं.

थेरपिस्ट: काकू, एकतीस वर्षांनीही स्नायू शिकतो. उशीर झालाय असं समजू नका. कंबर दुखते?

बायको: दुखते.

थेरपिस्ट: पोट साफ?

बायको: पाणी नाही पीत, होणार कसं. फिरायला जाणं सोडलं, वजन वाढलं, मग गुडघे. रक्तदाबाची गोळी चालू झाली. रात्री तीनदा उठते, झोप होत नाही.

थेरपिस्ट: हे सगळं एकाच दोरीत ओवलेलं आहे. चालणं बंद पडलं ते गुडघ्यामुळे नाही पडलं, गळतीच्या भीतीने पडलं. तळ आधी धड केला की चालता येईल, आणि चालता आलं की बाकीच्या गोष्टी हळूहळू हातात येतील.

नकलाकार: मी तुला आळशी म्हणायचो. व्याह्यांच्या समोर म्हणालो होतो, आमचं ध्यान खुर्चीतून हलत नाही.

बायको: म्हणाला होतात. सगळे हसले होते.

नकलाकार: आणि कार्यक्रमाला तू ह्या कारणासाठी येत नव्हतीस. मला वाटलं माझी लाज वाटते.

बायको: तुमची कशाला वाटेल. माझीच वाटायची. ‘गाडी थांबवा’ पहिल्यांदा केलीत त्या दिवशी मी पहिल्या रांगेत होते. मला काही सांगितलं नव्हतंत. तुम्ही ते पहिलं पाऊल टाकलं आणि मी ओळखलं. आजूबाजूच्यांनीही ओळखलं, ओळखीचेच होते सगळे. माझ्याकडे वळून वळून हसत होते.

नकलाकार: तू रागावून उठून जायचं होतंस.

बायको: कशी जाणार? मीही हसत होते.

थेरपिस्ट: हसत होता?

बायको: नक्कल चांगलीच होती हो. तो पर्सवरचा हात. मी तसंच करते. मला आवरेना, आणि हसता हसता खुर्ची भिजली. मखमलीची होती. लोक गेले, दिवे गेले, झाडणारा आला, तरी बसून होते. त्याला म्हटलं, चक्कर येतेय. तुम्ही आत हार घालून फोटो काढत होतात.

नकलाकार: मला लाज वाटतेय. मॅडम, तुमच्यासमोर सांगतो, त्या स्टेजवर भिजलो तेव्हा वाटली नव्हती एवढी वाटतेय.

बायको: त्यानंतर मी ठरवलं, ह्यांच्यासमोर हसायचं नाही. हसवणाऱ्याशी लग्न केलं आणि हसायची चोरी झाली. सोपं नव्हतं ते. तुम्ही आरशासमोर तालीम करायचात, दिवाणखान्यात. नवीन काही जमलं की मला राहवायचं नाही. मग उठायचं, बाथरूममध्ये जायचं, नळ मोठा सोडायचा आणि तोंडात टॉवेल धरून हसून घ्यायचं. तिथे काय झालं तरी पाणी ओतलं की संपलं.

नकलाकार: हसायचीस? आत?

बायको: मग काय करणार होते?

नकलाकार: मला वाटायचं तू रडतेस.

बायको: कधी?

नकलाकार: नळ सुरू झाला की. तालीम चालू असताना तू उठायचीस, दार लागायचं, नळ सुटायचा. बाहेर येताना डोळे लाल असायचे. मला वाटायचं, आत रडून आली.

बायको: एखाददा वाटलं असेल.

नकलाकार: नाही. दर वेळी.

बायको: सव्वीस वर्षं तुम्हाला वाटत होतं की मी आत रडतेय.

नकलाकार: हो.

बायको: मग दार का नाही वाजवलंत?

नकलाकार: मॅडमना उशीर होतोय, आपण घरी...

बायको: मी विचारतेय.

नकलाकार: वाजवलं असतं तर तू कारण सांगितलं असतंस. ते कारण म्हणजे ती नक्कलच असणार, असं मला वाटत होतं. मग ती नक्कल बंद करावी लागली असती. लोक तिच्यासाठीच यायचे.

थेरपिस्ट: मी पाच मिनिटं बाहेर थांबते. तुम्ही दोघं बोला.

बायको: नको. तुम्ही नवीन कागद घ्या. वय सत्तावन्न. बाळंतपणं दोन. दुसऱ्या वेळी एकवीस तास कळा, शेवटी चिमटा लावून काढला, टाके किती पडले ते कुणी सांगितलं नाही.

थेरपिस्ट: काकू, पुढचे प्रश्न जरा खाजगी आहेत. काका बाहेर बसतील तोवर.

बायको: राहू द्या त्यांना. ऐकू देत.